वीर्य कमी येतंय? गोळ्या-पावडरी सुरू करायच्या आधी या चुका टाळा

मी सीमेन टेस्ट करणाऱ्या लॅबमध्ये बारा वर्षं काम करतोय. रोज काउंटरवर कोणी ना कोणी येऊन हळू आवाजात विचारतं की वीर्य कमी येतंय, कुठली पावडर घेऊ. टेस्ट अजून केलेलीच नसते आणि पावडर मात्र बहुतेक वेळा आधीच सुरू झालेली असते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, वीर्य म्हणजे शुक्राणू नाहीत. वीर्याचा साधारण दोन तृतीयांश भाग शुक्राशय नावाच्या ग्रंथींतून येतो, उरलेल्यातला बराचसा प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतून, आणि वृषणाकडून येणारा भाग शेकडा पाचच्या आसपास. म्हणून तर नसबंदी झालेल्या माणसाला वीर्यात काही फरक जाणवत नाही, शुक्राणू एकही नसतो तरी. तेव्हा कमी दिसलं म्हणून स्पर्म काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, कमी असं नाही आणि भरपूर दिसलं म्हणून सगळं ठीक असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मॅन्युअलमध्ये वीर्याच्या मात्रेची खालची मर्यादा १.४ मिली आहे, २०१० मध्ये ती १.५ होती. म्हणजे पाव चमच्यापेक्षा थोडंसंच जास्त! आणि ही मर्यादा काढली ती अशा पुरुषांवरून ज्यांच्या जोडीदाराला वर्षाच्या आत दिवस गेले होते, त्यातल्याही शेकडा पाच जणांचं याहून कमी होतं. १.२ आलं म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. सॅम्पल सांडतं आणि लोक सांगत नाहीत.

एकजण आला होता, हातात दुसरीकडचा रिपोर्ट, ०.७ मिली आणि काउंटही पडलेला. पाच महिने कॅप्सूल खात होता, वजन उतरलेलं, बायकोशी धड बोलत नव्हता. मी नेहमीचा प्रश्न विचारला, सगळं डबीत पडलं होतं का? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, सुरुवातीचं बाहेर गेलं, पण तिथे सांगायची लाज वाटली, आणि कोणी विचारलंही नाही. अहो, बहुतेक शुक्राणू त्या सुरुवातीच्याच भागात असतात, मागाहून येतं ते मुख्यतः शुक्राशयाचं पाणी! तो भाग गेला की मात्रा घटते आणि काउंट त्याहून जास्त घटतो. पुन्हा टेस्ट केली, २.६ मिली, काउंट नॉर्मल. त्या दिवशी तो माणूस खुर्चीत बसून रडला, आणि मला त्या पाच महिन्यांचं फार वाईट वाटलं, कारण एका वाक्याने ते वाचले असते.

तेव्हापासून माझी सवय अशी की डबी हातात घेतानाच विचारतो, आणि सांडलं म्हणाला की सरळ दुसरी तारीख देतो, ते सॅम्पल लावतच नाही. तुम्ही पण न विचारता सांगा. बाकी नियम नेहमीचेच, शेवटच्या स्खलनानंतर दोन ते सात दिवस झालेले हवेत, आणि दोन रिपोर्टची तुलना करायची तर दोन्ही वेळी दिवस सारखे ठेवा, कारण काल स्खलन झालंय आणि आज सॅम्पल दिलं तर कमीच येणार. साधा कंडोम, थुंकी, जेल काहीही नको. घरून आणायचं असेल तर शर्टाच्या आत अंगाजवळ धरून तासाच्या आत पोचवा. आणि एका रिपोर्टवर निकाल लावू नका, काही आठवड्यांनी दुसरी टेस्ट कराच.

दुसरी चूक जास्त नुकसानीची, जिममधल्या कोणाच्या तरी सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन घेणं. लॉजिक ऐकायला बरोबर वाटतं, हा हार्मोन कमी असला तर वीर्य कमी होतं हे खरंच आहे, मग वाढवला तर वाढेल. पण बाहेरून हार्मोन आला की मेंदू समजतो भरपूर आहे, आणि वृषणांना काम करायचा जो निरोप जातो तो बंद करतो. शुक्राणू बनणं मंदावतं, कधी पूर्ण थांबतं. एका तरुण मुलाचा काउंट शून्य आला, औषध काही घेतोस का तर नाही म्हणाला, त्याच्या मते इंजेक्शन हे औषध नव्हतंच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्यावर पुन्हा शुक्राणू दिसायला आठ महिने गेले, आणि काहींना याहून जास्त लागतात. मूल हवं असेल तर त्या सुईच्या वाटेला जाऊ नका, कृपा करून.

पंधरा दिवसांत फरक दिसत नाही म्हणून औषध बदलणारे पण खूप. एक शुक्राणू तयार व्हायलाच साधारण ७४ दिवस लागतात, म्हणजे काउंटसाठी काहीही केलं तरी तीन महिन्यांआधी टेस्ट करून उपयोग नाही.

झिंकच्या गोळ्यांचं म्हणाल तर २०२० मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, २,३७० जोडपी, पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक अॅसिड, मूल होण्याच्या प्रमाणात काही फरक नाही. बादलीभर पाणी पिऊनही काही होत नाही.

चालू गोळ्या लपवू नका. प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिन, सिलोडोसिनने वीर्य खूप कमी होतं किंवा येतच नाही, केसांसाठीच्या फिनास्टेराइडनेही कमी होऊ शकतं. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, लिहून दिलेल्या डॉक्टरांना विचारा.

डायबेटिस असेल किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं असेल, सुख जाणवतं पण बाहेर काहीच येत नाही, नंतरची लघवी गढूळ दिसते, तर वीर्य उलटं मूत्राशयात जात असेल. स्खलनानंतरची लघवी तपासली की कळतं. साधी टेस्ट आहे, पण लोक सांगतच नाहीत म्हणून ती होत नाही.

आणि मात्रा एक मिलीच्या खाली, पीएच आम्लाकडे, शुक्राणू शून्य, हे तिन्ही एकत्र दिसलं तर पावडरीत एक दिवसही घालवू नका, यूरोलॉजिस्टकडे जा. नळी कुठेतरी बंद असते किंवा जन्मतःच शुक्रवाहिनी, म्हणजे वृषणाकडून शुक्राणू वर नेणारी नळी, नसते, डॉक्टरांना ती हाताने तपासूनही कळते. अशा वेळी वृषणात शुक्राणू बहुतेकदा बनत असतात, ते सुईने काढून आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा, करता येतं. मात्र शुक्रवाहिनीच नसेल तर त्याआधी नवरा-बायको दोघांची सीएफटीआर जीनची टेस्ट करून घ्या, दोघांकडेही तो दोष निघाला तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसांचा आणि पचनाचा गंभीर आनुवंशिक आजार होऊ शकतो.