उजनी भरलंय, मग आपल्या नळाला पाणी का नाही? लेखी विचारा

सोलापुरात उजनी धरण भरलं तरी नळाला दिवसाआड नाहीतर चार-पाच दिवसांनी पाणी, आणि विडी घरकुलसारख्या भागात दिवसभर विड्या वळणाऱ्या बायकांनीच घागरी घेऊन जागं राहायचं, हा अन्यायच आहे. नुसतं ओरडून काही होत नाही, माहिती अधिकारात अर्ज टाका. २००५ चा कायदा आहे, साध्या कागदावर मराठीत चालतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर झेरॉक्स जोडा, फी माफ.

खरी गोष्ट प्रश्नात असते. "पाणी का येत नाही" असं विचारलं की गुळमुळीत उत्तर येतं, त्यापेक्षा "आमच्या गल्लीच्या लाईनला गेल्या तीन महिन्यात कुठल्या तारखेला किती वेळ पाणी सोडलं, त्या नोंदवहीची प्रत द्या" असं कागदच मागा. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत.

मनपाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका, शिक्का, तारीख, सही सगळं बघून घ्या. ३० दिवसात उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील, म्हणजे त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागायची. आणि शक्यतो गल्लीतल्या चार-पाच बायकांनी आपापल्या नावाने वेगवेगळे अर्ज टाका, म्हणजे एकटीवर दबाव येत नाही.