मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये जायचे आहे? मग या चुका टाळा

बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो : "मॅडम, मिलिटरी नर्सिंगला कसे जायचे?" विचारणाऱ्या मुली बहुधा हुशार असतात आणि वॉर्डमध्ये त्यांचा हातही चांगला असतो. तरीही त्यांतल्या बऱ्याच जणी मागे राहतात, आणि ज्या कारणांनी राहतात त्यांपैकी निम्मी तरी नर्सिंगच्या कुठल्याही पुस्तकात सापडत नाहीत. माझ्या पाहण्यात या चुकांचे मूळ एकच आहे. ही भरती एखाद्या मोठ्या रुग्णालयातील स्टाफ नर्सच्या जागेसारखी समजली जाते, प्रत्यक्षात मात्र ते सैन्यदलातील कमिशन, म्हणजे अधिकारीपदावरील नेमणूक, असते. निवड झालेली नर्स लेफ्टनंट या हुद्द्यावर रुजू होते, त्यामुळे तिची कागदपत्रे, तिचे शरीर, तिचे बोलणे-वागणे आणि देशात कुठेही बदलीवर जाण्याची तिची तयारी हे सारे अधिकाऱ्याच्या मापानेच तपासले जाते.

हा हुद्दा अलीकडे देऊ केलेली सवलत नाही. १८८८ साली दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तेव्हापासून भारतातील लष्करी रुग्णालयांत संघटित परिचर्या सुरू झाली. १ ऑक्टोबर १९२६ रोजी या सेवेला कायम स्वरूप मिळाले आणि १९४३ च्या अध्यादेशाने परिचारिकांना कमिशन्ड अधिकाऱ्याचा दर्जा दिला. भारतीय सैन्यदलांत मेजर जनरल हा हुद्दा मिळवणारी पहिली महिला याच सेवेतील होती : गरट्रूड अॅलिस राम, १९७६ साली. "मिलिटरीत मुलगी जाऊन काय करणार?" असे घरी कोणी विचारले, तर हा इतिहास त्यांच्यासमोर जरूर ठेवावा.

चुकीच्या दारावर उभे राहणे

पहिली चूक नावांच्या गोंधळातून होते. बारावीनंतर 'नीट' या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळणारा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम हा एक मार्ग आहे. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईचे आयएनएचएस अश्विनी हे नौदलाचे रुग्णालय, दिल्लीचे आर्मी हॉस्पिटल आणि कोलकाता, लखनौ व बंगळूर येथील कमांड हॉस्पिटले या ठिकाणी तो चालतो. तुम्ही इतरत्र नर्सिंग पूर्ण केले असेल, तर तो मार्ग तुमच्यासाठी संपलेला असतो आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या अधिकारीपदाची, थेट भरती हाच मार्ग उरतो. दोन्हींच्या जाहिराती, अटी आणि परीक्षा वेगळ्या आहेत. एकीची माहिती वाचून दुसरीची तयारी करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंट हे पद तर याहूनही निराळे आहे, कारण ते सैनिकाचे पद आहे, अधिकाऱ्याचे नाही.

दुसरा गैरसमज पात्रतेचा. थेट भरतीसाठी भारतीय परिचर्या परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेतून बी.एस्सी., पोस्ट बेसिक बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. नर्सिंग झालेले असावे लागते. नुसत्या जीएनएमवर, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या पदविकेवर, अर्ज करता येत नाही. जीएनएम झालेल्या मुलीने पोस्ट बेसिकची, म्हणजे पदविकेनंतर पदवी मिळवण्याची, दोन वर्षे धरून आपल्या वयाचा हिशेब आजच मांडावा, कारण २०२३ च्या भरतीत वयोमर्यादा २१ ते ३५ वर्षे होती. ज्यांना तेवढी वाट पाहता येत नाही, त्यांनी केंद्रीय राखीव पोलीस दल किंवा सीमा सुरक्षा दल यांसारख्या निमलष्करी दलांत उपनिरीक्षक दर्जाच्या स्टाफ नर्स पदांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे, कारण तेथे जीएनएमवर अर्ज करता येतो. मुलग्यांनीही तिकडेच पाहावे, कारण मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या जाहिराती महिलांसाठी निघतात.

कागदपत्रे : सर्वांत जास्त मुली इथे अडखळतात

या भरतीची जाहिरात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येतेच असे नाही, आणि आली की वेळ फार थोडा मिळतो. २०२३ च्या डिसेंबरात नॅशनल टेस्टिंग एजन्सीने अर्ज मागवले, तेव्हा मुदत ११ ते २६ डिसेंबर एवढीच होती आणि संगणकावरील परीक्षा लगेच १४ जानेवारी २०२४ ला झाली. सोळा दिवसांत अर्ज भरता येतो, पण सोळा दिवसांत नावातली दुरुस्ती होत नाही.

एका विद्यार्थिनीचे उदाहरण सांगते. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्या पद्धतीप्रमाणे आधी आडनाव, मग तिचे नाव, मग वडिलांचे नाव होते. आधार कार्डावर नाव पहिले आणि आडनाव शेवटी होते. लग्नानंतर परिचर्या परिषदेच्या नोंदणीत सासरचे आडनाव आले, आणि पदवी प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावातील एक अक्षर चुकले होते. चार कागदांवर चार नावे, आणि चारही तिचीच. वेगवेगळ्या टेबलांवरच्या माणसांनी त्या-त्या वेळी जे लिहिले, ते तिने कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते. पडताळणीच्या दिवशी ते पहिल्यांदा एका ओळीत मांडले गेले आणि तिथे समजावून सांगण्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात दहावीची गुणपत्रिका मधे ठेवावी आणि बाकी प्रत्येक कागद तिच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, इंग्रजी स्पेलिंग, काहीही सोडू नये. विद्यापीठाची चूक विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्यावी. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातील प्रसिद्धी हाताशी ठेवावी. या कामाला किती महिने लागतील हे आपल्या हाती नसते, सुरुवात कधी करायची एवढेच आपल्या हाती असते.

नोंदणीची गोष्टही अशीच. निकाल लागला म्हणजे नर्स झालो असे मुलींना वाटते, पण अर्ज करताना राज्य परिचर्या परिषदेची परिचारिका व प्रसाविका या दोन्ही नात्यांची नोंदणी लागते. निकालानंतर महिनाभर गावी जाऊन विश्रांती घेतली, मग नोकरी शोधली, आणि नोंदणीचा अर्ज तिसऱ्या महिन्यात केला, असा क्रम सर्रास दिसतो. तो उलटा हवा. ज्या मुलींची नोंदणी जुनी आहे त्यांनी तिच्या नूतनीकरणाची तारीखही तपासून घ्यावी.

एका प्रकाराबद्दल मला मनापासून राग आहे आणि तो इथे लिहायलाच हवा. काही खाजगी रुग्णालये नव्या परिचारिकेला कामावर घेताना तिची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात आणि बाँडची मुदत संपेपर्यंत परत देत नाहीत. माझ्या एका विद्यार्थिनीला मुलाखतीचे पत्र आले, तेव्हा तिची पदवी अशाच एका कपाटात बंद होती. आठवडाभर ती ड्युटी संपवून कार्यालयाच्या दाराशी उभी राहत होती. शेवटी प्रमाणपत्र मिळाले, पण तयारीचे सात दिवस गेले ते गेलेच. मूळ कागद कोणाकडेही ठेवू नका. साक्षांकित प्रती द्या, पडताळणीसाठी मूळ कागद समोर दाखवा आणि तिथल्या तिथे परत घ्या.

वैद्यकीय तपासणीला शेवटच्या आठवड्यात आठवणे

आपण नर्स आहोत, म्हणजे आपली तब्येत आपल्याला कळते, हा समज मुलींना फार महागात पडतो. रात्रपाळ्या, वेळी-अवेळी जेवण आणि तासन् तास उभे राहणे यांमुळे हिमोग्लोबिन उतरलेले असते, वजन वाढलेले किंवा घटलेले असते, दातांकडे वर्षानुवर्षे पाहिलेले नसते. वैद्यकीय मंडळ कान, डोळे, दात, पाय, पायांवरील शिरा आणि उंचीच्या प्रमाणात वजन हे सर्व बारकाईने पाहते. छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफीही होते, आणि आजवर काहीच त्रास न दिलेला पित्ताशयातील खडा तेव्हा प्रथमच नजरेला पडतो.

कानातील मळाची गोष्ट किरकोळ वाटेल, पण ती नीट समजून घ्या. मळ असेल तर डॉक्टरांना कानाचा पडदा दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते निरोगी आहे असे कोणीही लिहून देणार नाही. मग मुली आदल्या रात्री कापसाची काडी घालतात. त्याने मळ आणखी आत सरकतो, कानाची नळी सोलवटते, आणि सकाळी मळाच्या जोडीला सूजही आलेली असते. तपासणीच्या निदान तीन-चार आठवडे आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान साफ करून घ्यावेत, म्हणजे काही जखम वा संसर्ग असल्यास तो बरा व्हायला अवधी मिळतो. वजनाचेही तसेच आहे. सहा महिन्यांत सावकाश उतरवलेले वजन टिकते, पंधरा दिवस उपाशी राहून उतरवलेल्या वजनाबरोबर हिमोग्लोबिनही उतरते आणि एका दोषाचे दोन होतात.

गोंदणाबाबत लष्कराचे नियम कडक आहेत. सर्वसाधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या आतल्या बाजूस आणि पंजाच्या मागच्या बाजूस कायमचे गोंदण चालते, इतरत्र अडचण येते. हे शौकाने टॅटू काढून घेण्याच्या आधी माहीत असले पाहिजे. तात्पुरते अपात्र ठरवले गेल्यास खचून जाऊन परत येऊ नका. कोणत्या कारणाने, कोणत्या तज्ज्ञाकडे आणि किती दिवसांत पुन्हा दाखवायचे, तसेच अपील मंडळाकडे कसे जायचे, हे तिथेच विचारून लिहून घ्या. घरी आल्यावर "काहीतरी कानाचे म्हणाले" एवढेच ज्यांना सांगता येते, त्यांची मुदत तशीच निघून जाते. झालेला आजार किंवा शस्त्रक्रिया मात्र कधीही लपवू नका.

लेखी परीक्षा आणि मुलाखत

लेखी परीक्षेत नर्सिंगच्या जोडीला इंग्रजी आणि सामान्य बुद्धिमत्ता यांचे प्रश्न असतात. नर्सिंगवर भर देऊन ते दोन भाग रामभरोसे सोडण्याची चूक मराठी माध्यमातून आलेल्या मुली अधिक करतात. त्यांना इंग्रजी येत नाही असे नसते, चार वर्षे त्यांनी पाठ्यपुस्तके इंग्रजीतूनच वाचलेली असतात. सवय नसते ती वेळ लावून उतारा वाचण्याची आणि मुलाखतीत पूर्ण वाक्यात उत्तर देण्याची. रोज वीस मिनिटे एखाद्या रुग्णाची माहिती ड्युटी सोपवताना सांगतो तशी मोठ्याने इंग्रजीतून सांगावी. त्याचा मोठा उपयोग होतो.

मुलाखतीत अतिदक्षता विभागातील भारी यंत्रांची नावे सांगून छाप पडते, हा दुसरा भ्रम आहे. मूलभूत परिचर्या किती घट्ट आहे ते तिथे उघडे पडते. मी सरावासाठी नेहमी भाजलेल्या रुग्णाचे गणित देते. साठ किलोचा जवान तीस टक्के भाजला आहे. भाजलेल्या रुग्णाला किती सलाईन द्यायचे हे ठरवणाऱ्या पार्कलँड सूत्राप्रमाणे (४ मिलिलिटर गुणिले किलोतील वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी) ४ गुणिले ६० गुणिले ३०, म्हणजे चोवीस तासांत ७,२०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट हे सलाईन. त्यातील निम्मे पहिल्या आठ तासांत द्यायचे. इथपर्यंत सगळ्या मुली अचूक येतात. मग मी सांगते की रुग्णाला दुर्गम ठिकाणाहून आणायला तीन तास लागले आणि वाटेत सलाईन लावता आले नाही. निम्म्याहून अधिक मुली तरीही ३,६०० ला आठाने भागून तासाला ४५० मिलिलिटर सांगतात. पण ते आठ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे असतात, रुग्ण दारात आल्यापासून नाही. उरले पाच तास, म्हणून सुरुवातीचा वेग तासाला ७२० मिलिलिटर येतो, आणि पुढे ताशी लघवीचे प्रमाण पाहून तो कमीजास्त करायचा. ज्या सेवेत जखमी माणूस दुरून, उशिरा आणि कधीकधी एकाच वेळी अनेकांसह येतो, तिथे हा फरक फार मोठा आहे. एकाच वेळी दहा जखमी आले तर कोणाला आधी हात लावायचा, रक्तस्राव थांबवण्याची पहिली पायरी कोणती, शॉकची सुरुवातीची लक्षणे कोणती, हे प्रश्न याच जातीचे आहेत.

"तुम्हाला या सेवेत का यायचे आहे?" याला पाठ केलेले देशभक्तीचे वाक्य देऊ नका. देशभक्ती खरी असेलच, पण आपल्या वॉर्डमधील एखादा अनुभव सांगून तिथून उत्तर सुरू केले, तर ते तुमचे स्वतःचे राहते.

सेवेच्या अटी न वाचता होकार देणे

पगाराचा आकडा सगळ्यांना पाठ असतो : मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर १०,८०० रुपये लष्करी सेवा वेतन आणि इतर भत्ते. सेवेची मुदत मात्र पुष्कळ जणींना माहीत नसते. शॉर्ट सर्व्हिस कमिशन सुरुवातीला पाच वर्षांचे असते आणि मुदतवाढ मिळत गेल्यास एकूण चौदा वर्षांपर्यंत जाते. एवढ्या सेवेवर अधिकाऱ्याचे निवृत्तिवेतन बसत नाही, म्हणून पुढील शिक्षणाचा आणि बचतीचा विचार पहिल्या वर्षापासूनच करावा. नेमणूक भूदल, नौदल किंवा हवाईदलाच्या कोणत्याही रुग्णालयात होऊ शकते. "पुण्यातच मिळेल ना?" असा प्रश्न मनात असेल तर तो घरच्यांशी अर्ज करण्याआधी बोलून मिटवावा.

लग्नाबद्दलही जुन्या ऐकीव गोष्टी अजून फिरत असतात. लग्न केल्यावरून सेवेतून काढण्याची तरतूद असलेला १९७७ चा आदेश १९९५ मध्येच मागे घेण्यात आला. त्या आदेशाखाली १९८८ साली सेवामुक्त केलेल्या एका अधिकाऱ्याला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश देताना, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये असा नियम मनमानी असल्याचे स्पष्ट म्हटले. वैवाहिक स्थितीविषयी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे, मैत्रिणीच्या बहिणीने काय सांगितले त्यावर विसंबू नये.

सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या नोकरीत असाल, तर भरतीचा अर्ज करतानाच ना हरकत प्रमाणपत्रासाठी लेखी विनंती द्या आणि पोच घेऊन ठेवा. खाजगी नोकरीत असाल तर नोटिशीचा कालावधी किती आहे तो नेमणूकपत्रात पाहून ठेवा. गुणवत्ता यादीत नाव दिसले म्हणून राजीनामा देऊ नका. वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांची छाननी पूर्ण होऊन रुजू होण्याचे पत्र हातात पडेपर्यंत आहे ती नोकरी चालू ठेवा.