दुःस्वप्नातून जागं करायला कुत्र्याला कसं शिकवायचं

युद्धावरून परतलेल्या, पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार) असलेल्या अनेक अमेरिकी माजी सैनिकांना सगळ्यांत जास्त छळते ती रात्र. झोपेतच पाय झाडले जातात, धाप लागते, किंकाळी फुटते. अशा वेळी सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंगत्व किंवा आजार असलेल्याच्या मदतीसाठी खास शिकवलेला कुत्रा, माणसाला जागं करू शकतो. पण हे त्याला शिकवावं लागतं, तेही दिवसाउजेडी आणि माणूस पूर्ण जागा असताना.

सुरुवात तळहातापासून करायची. उघडा हात कुत्र्याच्या नाकापासून चार बोटांवर धरा. नाक टेकलं त्याच क्षणी ‘येस’ म्हणा आणि वाटाण्याएवढा खाऊ द्या. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा पुरे. दहापैकी आठ वेळा जमलं की पलंगावर आडवं होऊन, हात कडेला लोंबता ठेवून हेच करायचं. मग खाऊ जरा उशिरा द्यायचा, म्हणजे नाकाच्या एका ढुशीऐवजी तीन-चार ढुशा मिळतात. गाढ झोपलेल्याला एका ढुशीने जाग येत नाही.

आता खरी जोडणी. आधी पाय झाडायचे, कण्हायचं, सेकंदभर थांबायचं आणि मगच हात पुढे करायचा. दोन्ही एकदम केलं तर कुत्रा हाताकडेच बघत राहतो आणि पाय झाडण्याचा अर्थ त्याला कळतच नाही. क्रम पाळला तर हळूहळू तो हाताची वाट न बघता ढुशी देऊ लागतो. घरच्यांनी रात्रीचा खरा आवाज फोनवर रेकॉर्ड केलेला असेल तर तो सरावाला उत्तम. मात्र तो सैनिकाला ऐकवू नये, प्रशिक्षकाने वेगळ्या खोलीत वापरावा. त्यानंतर मंद दिव्यात, मग काळोखात, शेवटी रात्री दोनचा गजर लावून सराव.

दोन चुका नेहमी होतात. साध्या कूस बदलण्यालाही कुत्रा उठवू लागतो, कारण सरावात प्रत्येक हालचालीला खाऊ मिळालेला असतो. म्हणून मधूनमधून नुसती कूस बदलायची आणि तो शांत पडून राहिला तरच बक्षीस द्यायचं. दुसरी चूक जास्त गंभीर: कुत्र्याला तोंड चाटायला किंवा छातीवर चढायला शिकवणं. अर्धवट झोपेत माणूस हात उगारतो. एकदा फटका बसला की कुत्रा पलंगाजवळ यायला कचरतो. ढुशी हातालाच, आणि लगेच मागे सरकणं हाही शिकवण्याचाच भाग.

माणूस जागा झाला की कुत्र्याने पुढचे पाय आणि छाती त्याच्या मांड्यांवर टेकून दोन-तीन मिनिटं वजन द्यावं. पंचवीस किलोच्या लॅब्राडॉरचं वजन यासाठी छान पुरतं. हे वजन छातीवर मात्र नको. दाबून धरल्यासारखं वाटून घाबरगुंडी वाढते.

गर्दीत माणसाच्या पाठीमागे उभं राहून इतरांपासून अंतर राखणं हेही काम कुत्र्याला शिकवतात. ते उपचार करणाऱ्या थेरपिस्टला विचारूनच वापरावं, नाहीतर गर्दी टाळण्याची सवय आणखी घट्ट होते. गुरगुरणं, राखण करणं तर अजिबात शिकवू नये.

अमेरिकेत 1990च्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानुसार दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. प्रमाणपत्राची सक्ती नाही, त्यामुळे ऑनलाइन विकली जाणारी ‘नोंदणी’ म्हणजे फुकट गेलेले पैसे.

आणि रात्री दोनदा उठलेल्या कुत्र्याला दिवसा त्याचं कामाचं जॅकेट काढून निवांत झोपू द्या. थकलेला कुत्रा पुढच्या रात्री पहिलं कण्हणं हमखास चुकवतो.