पक्ष्यांच्या घरच्या खाऊची तयारी, आणि वाळवणीबद्दल पुन्हा पुन्हा

बजी (बजरीगर), कॉकटेल (कॉकटील), फिंच, आफ्रिकन लव्हबर्ड यांच्यासाठी धान्याच्या कांड्या, म्हणजे काडीभोवती धान्य आवळून भाजलेला खाऊ, घरी करायच्या असतील तर काय काय आधी तयार हवं, ते इथे क्रमाने आहे. मागच्या खेपेला यातली एकच गोष्ट राहिली: वाळवण. धान्य वरून कोरडं लागलं म्हणून कांड्या वळल्या, कोमट असतानाच डब्याचं झाकण लावलं, आणि पाचव्या दिवशी आत करडी लव धरली होती. सगळा घाणा फेकावा लागला. म्हणून या यादीत वाळवणीचा विषय दर दुसऱ्या ओळीला येईल. कंटाळा आला तरी वाचा. (देशी पोपट आणि मुनिया या यादीत नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते घरात पाळणं गुन्हा आहे.)

पहिलं धान्य. एका घाण्याला 100 ग्रॅम पुरे: राळे 60, बारीक बाजरी 25, नाचणा 15. यात दहाएक कांड्या होतात आणि चार बजींना तीनेक आठवडे जातात. याहून जास्त एका वेळी करू नका, कारण जास्त केलं की वाळत नाही आणि साठवावं लागतं. राळे सालासकट घ्या. किराणा दुकानात नवणे म्हणून जे पिवळे दाणे मिळतात ते बहुतेक वेळा भातासाठी सडलेले, साल काढलेले असतात. ते लवकर खवट होतात, आणि दाणा सोलण्यातला पक्ष्याचा अर्धा आनंद जातो. बेळगावात रविवार पेठेतल्या धान्याच्या दुकानांत 'सालासकट, पक्ष्यांसाठी' असं स्पष्ट सांगून मागा. कॉकटेल असेल तर बाजरीऐवजी जोंधळे चालतात, बजीला तो दाणा मोठा पडतो.

धान्य कुठून आणायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. शेतीच्या दुकानातलं पेरणीचं बियाणं कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, गुलाबी-लाल रंग त्याचाच. धुऊनही ते पुरतं जात नाही. शेजारच्या घरात पेरणीतून उरलेली बाजरी आहे, ती आणू का, तर नाही. घरच्या कणगीतल्या किंवा पिंपातल्या धान्यात पारद गोळ्या टाकल्या असतील, बोरिक पावडर चोळली असेल, तरी तेही नाही. माणूस धुऊन, दळून, शिजवून खातो आणि त्याचं वजन साठ किलो असतं. बजीचं वजन 30 ते 40 ग्रॅम. तोच कण त्याला वेगळ्या मापाने लागतो. शेंगदाणे टाळाच. त्यांच्यावर पिवळसर-हिरवी बुरशी फार सहज धरते आणि ती दिसण्याआधीच विष तयार झालेलं असतं.

आता धुणं आणि वाळवणं. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा बाहेर काढा, धान्य धुण्याआधी वजन करा आणि आकडा कागदावर लिहा. लक्षात राहील म्हणू नका, लिहा. मग तीन पाण्यांतून धुवा, वर तरंगणारा कोंडा काढून टाका, चाळणीत निथळवा, जुन्या सुती धोतरावर किंवा पंचावर पसरा. थर एका दाण्याचा. दोन दाण्यांचा थर झाला की खालचा दाणा वरच्याच्या ओलाव्यात बसून राहतो. मार्च ते मे या काळात गच्चीवर सकाळी दहा ते दुपारी चार असं दोन दिवस ऊन लागतं. चारला आत आणा, रात्रभर बाहेर ठेवलं तर दव सगळं परत ओलं करतं. थंडीत सकाळचं धुकं उठल्यावरच बाहेर काढा.

इथेच फसायला होतं. राळ्याची साल चकचकीत असते. ती अर्ध्या दिवसात सुकते आणि हाताला दाणे खळखळीत लागतात, पण पाणी सालीच्या आत, दाण्याला चिकटून असतं. हाताचा अंदाज इथे चालत नाही. काट्यावर घाला. 100 ग्रॅम धुतलं होतं तर वाळल्यावर 97-98 भरलं पाहिजे, कारण धूळ आणि कोंडा गेला. 103 भरलं तर वरचे पाच-सहा ग्रॅम पाणी आहे, दुसरं काही नाही. परत पसरा. पुन्हा वजन करा. लागोपाठ दोन वेळा तोच आकडा येईपर्यंत वाळलं असं म्हणू नका.

काटा नसेल तर मिठाची परीक्षा. मीठ तव्यावर कोरडं परतून गार करा. कोरड्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश धान्य घ्या, वर दोन चमचे मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात 15 टक्क्यांहून जास्त ओलावा आहे. बरणीतलं धान्य नंतर टाकून द्या, मीठ लागलेला दाणा पक्ष्याच्या पोटात जाता कामा नये. ही परीक्षा ढोबळ आहे, चिकटलं नाही म्हणजे लगेच कांड्या वळा असं नाही. आणखी एक दिवस पसरून ठेवाच.

इतकं का, ते एकदाच सांगून टाकतो. ओलसर धान्यावर जी बुरशी येते तिच्यातल्या काही जातींचं विष यकृत खलास करतं, आणि ते विष भाजून जात नाही. ओव्हनच्या उष्णतेला ते टिकतं. म्हणजे 'नंतर भाजणारच आहे' हा हिशोब चुकीचा. बुरशीचे कण श्वासातून गेले तर पक्ष्याच्या हवेच्या पिशव्यांत घर करतात, तो आजार औषधांना फार हळू दाद देतो. आणि बुरशी आलेला तुकडा मोडून बाकीचं वापरणं हा काटकसरीचा मार्ग नाही. दिसते ती फक्त वरची लव.

जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे, धान्य धुऊच नका. भिंतींना ओल येते तिथे राळे कुठून वाळणार? चाळा, पाखडा, जाड कोरड्या कापडात घेऊन चोळा, मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटं हलवत शेका, पूर्ण गार करा आणि वापरा. अथणी, चिकोडीकडे हवा कोरडी, तिथे पावसाच्या उघडिपीत जमतं. पण काट्यावर घातल्याशिवाय तिथेही नाही.

बांधणीला अंड्याचा पांढरा: एका मध्यम अंड्याचा, आणि नाचण्याचं पीठ दोन मोठे चमचे. गूळ घालायचा मोह आपल्याकडे होतोच, घरात असतो. घालू नका. गूळ हवेतलं पाणी ओढतो, कांडी दुसऱ्या दिवशी चिकट होते, मुंग्या येतात, आणि साखरेची पक्ष्याला गरज नाही. मधाचंही तेच, शिवाय कच्च्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मिश्रण सैल वाटलं तर पीठ वाढवा, घट्ट वाटलं तर पांढरा थेंबथेंब. पाणी घालू नका. घातलेला प्रत्येक चमचा नंतर वाळवून बाहेर काढावा लागतो.

भाजीत गाजर एक मोठा चमचा किसलेलं, आणि शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरलेला, एक लहान चमचा. गाजर किसलं की मुठीत पिळा, मग कापडात गुंडाळून परत पिळा, मग ताटलीत तासभर पंख्याखाली ठेवा. पिळलेलं गाजर म्हणजे वाळलेलं गाजर नव्हे. रंगासाठी ब्याडगी मिरचीचे तुकडे घाला, पक्ष्यांना तिखट लागत नाही, आवडीने खातात. मात्र मिरची अख्खी आणून घरी तोडा आणि आत करडं-काळं काही आहे का ते उजेडात बघा. तिखटाची पूड नको. अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, खडखडीत वाळवून, बारीक कुटून अर्धा चमचा. हवं तर पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा लावा, मग टरफलं नकोत.

भांडी लोखंडी किंवा स्टीलची. नॉनस्टिक नाही, कोणत्याही कारणाने नाही. तो लेप जास्त तापला की निघणारा धूर माणसाला जाणवतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो, शेजारच्या खोलीतला असला तरी. ओव्हनचा ट्रेही लेपाचा आहे का बघा आणि असेल तर त्याऐवजी स्टीलची ताटली वापरा. कामाला लागण्याआधी पिंजरा घराच्या दुसऱ्या टोकाला न्या, खिडकी उघडा.

हात धुवा, हे सगळ्यांना माहीत आहे. निपाणी भागात मात्र वेगळं सांगायला हवं: घरात तंबाखूचं काम असेल, विड्या वळल्या जात असतील, तर साबणाने दोनदा, नखांतून ब्रश फिरवून. निकोटीन कातडीवर राहतं. तंबाखू पसरला त्या सुपात, त्या चादरीवर धान्य वाळवायचं नाही. वाळवणीची चादर वेगळी ठेवा आणि ती दुसऱ्या कशाला वापरू नका.

मधली काडी पेरूची किंवा कडुलिंबाची, करंगळीएवढी जाड, बारा सेंटीमीटर लांब. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी आहे आणि कुंपणात सगळीकडे असते. काडी आठ-दहा दिवस आधी तोडून ठेवा. ताज्या काडीत रस असतो, वरून कांडी कितीही वाळवा, गाभा आतून ओला राहतो आणि बुरशी काडीलगत सुरू होते. घासून धुवा, शंभर अंशांवर अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवा. टांगायला स्टेनलेस स्टीलची तार. जस्ताचा मुलामा दिलेली नाही, पक्षी तो कुरतडतात आणि जस्त विषारी असतं. सुती दोराही नाही, धागे पायात अडकतात.

आता वळणं. दहा भाग करा, काडीभोवती मुठीने आवळून बसवा, जाडी अंगठ्याएवढीच. जाड कांडी दिसायला छान, पण मधोमध वाळत नाही. ओव्हन 150 अंशांवर, वीस मिनिटं, उलटवून आणखी दहा. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तवा, मंद आच, काडी थोडी थोडी फिरवत एकूण पंचवीस मिनिटं. झाकण ठेवायचं नाही, वाफ परत कांडीतच मुरते.

भाजून झालं म्हणजे वाळलं, असं नाही. ओव्हन 80-90 अंशांवर आणा, दारात लाकडी उलथनं अडकवून फट ठेवा आणि तासभर तसंच राहू द्या. एक कांडी काट्यावर घाला, अर्ध्या तासाने परत घाला, वजन उतरत असेल तर अजून पाणी निघतंय. वजन थांबलं की बाहेर जाळीवर, मलमलीखाली, रात्रभर. सकाळी सगळ्यात जाड कांडी मोडा. 'कट्' आवाज यायला हवा. आतला भाग ओठाला लावा. गार लागला तर ओल आहे. शेवटी एक तुकडा काचेच्या बरणीत बंद करून चार तास ठेवा, काच आतून धूसर झाली तर सगळ्या कांड्या परत ओव्हनमध्ये. कोमट कांडीवर झाकण लावायचं नाही. किंचित कोमटसुद्धा नाही.

काय देऊ नये ते थोडक्यात. बटर फ्रूट (अव्होकॅडो), चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया, कच्चा राजमा. मीठ आणि तेल लावलेलं काहीही: भडंग, खारे चिरमुरे, फुटाणे. कुंदा तर नाहीच. बटर फ्रूटबद्दल 'थोडंसं चालतं' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

ओला खाऊ, म्हणजे मोड आलेले मूग किंवा उकडलेलं अंडं, वेगळ्या वाटीत. दोन तासांनी, उन्हाळ्यात तासाभराने काढून टाका. मोडांना आंबूस वास आला की फेका.

प्रमाण: बजीला दिवसाला पाव चमचा, एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यावर नाही. कांडी दोन तास लावा, काढा, रात्री पिंजऱ्यात सोडू नका. पक्षी भिजवून ठेवतो ती कांडी परत डब्यात नाही.

डबा काचेचा, धुऊन उन्हात वाळवलेला, झाकणाच्या रबरखालीसुद्धा. तारीख लिहा. कोरड्या दिवसांत तीन आठवडे, पावसाळ्यात पाकिटं करून डीप फ्रीझरमध्ये आणि बाहेर काढल्यावर पाकीट बंद ठेवूनच गार उतरू द्या, नाहीतर बाहेरची वाफ कांडीवर बसते. दर दोन दिवसांनी झाकण उघडून वास घ्या.