ब्रिटनला नवीन आहात? आधी मतदार यादीत नाव घाला

पगार व्यवस्थित येतो, तरी साध्या मोबाइल काँट्रॅक्टला नकार! अनेकदा कारण एवढंच असतं, की तुम्ही त्या पत्त्यावर राहता हे पडताळायला मतदार यादीत तुमचं नाव नसतं. ‘आपला तर भारतीय पासपोर्ट’ म्हणून बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत. पण भारत राष्ट्रकुलात असल्याने वैध व्हिसावर तिथे राहणाऱ्या प्रौढ भारतीयाला नाव नोंदवता येतं. मतदानही करता येतं, हे ऐकून आपली मंडळी चकित होतात.

१. गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवर ‘रजिस्टर टू व्होट’ उघडा. फुकट, पाचेक मिनिटांचं काम.
२. नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरीसाठी मिळणारा तुमचा सरकारी क्रमांक) हाताशी ठेवा.
३. पत्ता बँकेत दिलाय अगदी तसाच लिहा. एकीकडे ‘फ्लॅट २’ आणि दुसरीकडे ‘२ए’ असं नको.
४. ‘ओपन रजिस्टर’मधून, म्हणजे मतदार यादीच्या खुल्या आवृत्तीतून, नाव वगळायला सांगा. ती यादी कोणीही विकत घेऊ शकतं. तुमची आर्थिक पत तपासणाऱ्या एक्स्पीरियन, इक्विफॅक्ससारख्या क्रेडिट एजन्सींना पूर्ण यादी मिळते, त्यामुळे नुकसान काहीच नाही.

या एजन्सींच्या क्रेडिट रिपोर्टवर ही नोंद दिसायला काही आठवडे लागतात, तोवर काँट्रॅक्ट किंवा कर्जासाठी नवे अर्ज करू नका. आणि घर बदललं की नोंदणी पुन्हा करावी लागते.