महागाईत शेअर विकायची वेळ येऊ नये म्हणून

महागाई वाढली, धंदे मंदावले की शेअरचे भाव पडतात. पण सामान्य गुंतवणूकदाराला खरा फटका बसतो तो पडलेल्या भावात नाइलाजाने विकावं लागलं की. म्हणून सुरुवात डिमॅट खात्यापासून नको, घरखर्चापासून करा.

समजा घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटवर 20 वर्षांचं, 40 लाखांचं कर्ज आहे. व्याज 7 टक्के असताना हप्ता साधारण 31,000 रुपये बसतो. 9 टक्क्यांना तोच 36,000. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ज्या व्याजाने ती बँकांना पैसे देते) 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. कर्जाच्या स्टेटमेंटवर किती महिने शिल्लक आहेत ते आजच बघा. मग गेल्या वर्षीच्या याच महिन्याचं बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून किराणा, शाळेची फी, मेंटेनन्स यांची वाढ मांडा. हप्त्यासकट सहा महिन्यांचा खर्च लिक्विड फंडात (पैसे चटकन काढता येणाऱ्या, कमी जोखमीच्या म्युच्युअल फंडात) किंवा मुदतीआधी मोडता येणाऱ्या एफडीत हवा. तो जमेपर्यंत नवा शेअर घेऊ नका.

एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची ठरावीक गुंतवणूक, झेपत नसेल तर रक्कम कमी करा, पण हप्ता बाऊन्स होऊ देऊ नका. बँक दंड लावते, आणि मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती रद्द होते. बदलाचा अर्ज तारखेच्या दहा दिवस आधी टाकलेला बरा.

आता कंपन्यांकडे. शेवटच्या चार तिमाहींचे निकाल घ्या आणि विक्रीच्या आकड्यावर भाळू नका. विक्री माल जास्त खपल्याने वाढली की नुसत्या भाववाढीने, हे शोधा. हिशेब असा: 100 रुपयांच्या विक्रीत कच्चा माल 55, इतर खर्च 30, नफा 15. कच्चा माल 10 टक्क्यांनी महागला आणि कंपनीला भाव वाढवता आला नाही, तर नफा उरतो 9.50. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त गेला! रंग आणि टायरच्या कंपन्यांना खनिज तेल महागलं की हा मार बसतो, बिस्किटं-साबणवाल्यांना पामतेल.

दुसरी खूण उधारीची. वागळे इस्टेटमधला कुठलाही कारखानदार सांगेल, मंदी आधी वसुलीत दिसते. विक्री जागच्या जागी आणि येणी (ग्राहकांकडून यायचे बाकी पैसे) वाढत असतील तर सावध व्हा. तिसरी खूण व्याजाची: कामकाजाचा नफा व्याजाच्या तिप्पट असेल तर ठीक, दीडपटीखाली असेल तर तो शेअर ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

ऐरोलीत आयटीत नोकरी आणि पोर्टफोलिओतही आयटीच, हे फार जणांचं होतं. पगार आणि बचत एकाच खुंटीला टांगू नका. बोनस म्हणून कंपनीकडून मिळालेले शेअर हळूहळू कमी करा.

विकायचंच असेल तर उधारीवर, म्हणजे एमटीएफने घेतलेले शेअर सर्वात आधी. त्यावर रोज व्याज चढतं आणि भाव पडला की ब्रोकर मार्जिन, म्हणजे तारणाची जादा रक्कम, मागतो; ते भरलं नाही तर स्वतःच विकून टाकतो. करही बघा: 12 महिन्यांहून जुन्या शेअरवर वर्षाला 1.25 लाखांपुढच्या नफ्यावर 12.5 टक्के, त्याआधी विकले तर 20 टक्के. तोटा झाला असेल तर रिटर्न मुदतीतच भरा, म्हणजे तो पुढची 8 वर्षं नफ्यातून वजा करता येतो.