बाटली, नरसाळं अन् कणकेचा गोळा: पोटॅशियम चॅनल घरच्यांना कसं समजून सांगायचं

आमच्या आत्याला आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड, लातूरला दाखवतो आम्ही. मागच्या महिन्यात तिला कुणीतरी मेसेज पाठवला की या दुखण्याचं मूळ पोटॅशियम चॅनलमध्ये आहे, झालं, दुसऱ्या दिवसापासून केळी बंद, बटाटा बंद, नारळपाणी बंद. मी गेलो तर म्हणाली, "पोटॅशियममुळंच बोटं धरायलीत म्हणं, आधी का नाही सांगितलास?" मग तिच्याच स्वयंपाकघरात बसून तिला जे करून दाखवलं तेच इथं लिहितोय, तुमच्या घरी कुणाला आमवात, सोरायसिस किंवा टाइप-1 डायबेटीस असेल तर तुम्हीपण करून बघा.

करडीचं तेल ओतायला वापरतो ते नरसाळं घ्या, बारीक नळीचं, आणि एक रिकामी बाटली. नरसाळं बाटलीत ठेवा आणि तोंडाभोवती भिजवलेली कणीक गच्च लिंपा, कुठंच फट राहू द्यायची नाही. आता भरभर पाणी ओता. थोडं आत जातं, गुळुक गुळुक करतं आणि थांबतं, नरसाळं भरून राहतं पण पाणी उतरत नाही. का, तर आतल्या हवेला बाहेर निघायला वाट नाही. आता काडीनं कणकेला एक भोक पाडा, हवा फुस्सकन निघते आणि पाणी सरसर खाली.

बाटली म्हणजे टी-पेशी, आपल्या प्रतिकारशक्तीतली शिपाई पेशी. पाणी म्हणजे कॅल्शियम. शत्रू दिसला की या पेशीला कॅल्शियम आत घ्यावं लागतं आणि बराच वेळ घेत राहावं लागतं, तेव्हा कुठं कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम जागं होतं, ते पुढं एनफॅट नावाच्या प्रथिनाला पेशीच्या केंद्रकात पाठवतं, मग आयएल-2 सारखे निरोप सुटतात आणि पेशी वाढायला लागतात. पण कॅल्शियमवर प्लस चार्ज असतो, तो आत साठत गेला की पुढचं कॅल्शियम यायचं थांबतं. म्हणून दुसऱ्या दारानं प्लस चार्ज बाहेर सोडावा लागतो, आणि ते दार म्हणजे पोटॅशियम चॅनल. पेशीच्या आत पोटॅशियम साधारण 140 मिलिमोल, बाहेर रक्तात 4-5, त्यामुळं दार उघडलं की ते आपोआप बाहेर पळतं. काडीनं पाडलेलं भोक ते हेच. (टी-पेशीवरचं हे दार 1984 साली सापडलं, काचेची अगदी बारीक नळी पेशीला चिकटवून करंट मोजायच्या पॅच क्लॅम्प पद्धतीनं, त्या पद्धतीसाठी नेहर आणि साकमन यांना 1991 चं नोबेल मिळालं.)

आता खरी गंमत पुढं आहे, इथं जरा सावकाश सांगा. टी-पेशीला अशी मुख्य दोन भोकं असतात, एक केव्ही1.3, दुसरं केसीए3.1. नवीन पेशी कामाला लागली की जास्त करून दुसरं वाढवते. पण ज्या पेशी पुन्हा पुन्हा भडकून आपल्याच सांध्यावर नाहीतर कातडीवर तुटून पडतात, त्या इफेक्टर मेमरी पेशी, त्यांचा सगळा भार केव्ही1.3 वर. आमवाताच्या पेशंटच्या सांध्यातल्या पाण्यात अशाच पेशी सापडल्यात. म्हणजे पहिलं भोक तेवढं बुजवलं तर त्रास देणाऱ्या पेशी गप्प बसतील आणि बाकीच्या दुसऱ्या भोकावर काम चालवतील, विचार हा आहे. करून दाखवायचं तर दोन बाटल्या घ्या, एकीच्या कणकेला एक भोक, दुसरीला दोन, आणि दोन्हीचं एकेक भोक बोटानं दाबा. आत्याला इथं चटकन कळलं.

हे भोक बुजवणारी वस्तू कॅरिबियन समुद्रातल्या एका समुद्रफुलाच्या विषात सापडली, 35 अमिनो आम्लांची छोटी साखळी, तिचा एक टोकदार भाग चॅनलच्या तोंडात बुचासारखा बसतो. तिच्यावरून बनवलेलं डालाझाटाइड सोरायसिसच्या 24 पेशंटवर तपासलं गेलं. 24 म्हणजे फार लहान आकडा आहे, त्यावरून मेडिकलमध्ये जाऊन औषध मागायचं नसतं.

आणि विंचवाच्या विषानं संधिवात जातो असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. आपल्याकडं दगडाखाली निघतो त्या लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन मिळतं हे खरं आहे, पण ते बसतं वेगळ्याच पोटॅशियम चॅनलवर, आणि तो विंचू चावला तर लेकराच्या जिवावर बेततं, तिथं तडक दवाखाना.

आता केळ्याचं. चॅनल म्हणजे दार, ताटातलं पोटॅशियम कमी केल्यानं दार बंद होत नाही, शरीर रक्तातली पातळी साधारण 3.5 ते 5 मध्ये धरून ठेवतं. केळी सोडून आमवात उतरत नाही. चालू गोळ्या तर अजिबात सोडायच्या नाहीत, आणि आमवाताची मेथोट्रेक्सेट गोळी असेल तर ती आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर जीव जाऊ शकतो, म्हणून आत्याच्या कॅलेंडरवर मी दर रविवारी लाल पेनानं गोल करून ठेवलाय.

पोटॅशियम खरंच सांभाळायचं ते किडनीचा त्रास असेल तर, किंवा बीपीसाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल चालू असेल आणि वरून दुखण्याच्या गोळ्या रोज पोटात जात असतील तर. तेव्हा नारळपाणी विचारूनच घ्या, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही तपासून घ्या, आणि पुढच्या खेपेला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, मेडिकलवरून अशाच आणलेल्यासुद्धा, पिशवीत टाकून डॉक्टरांपुढं ठेवा.